उज्जीवन सभांच्या वळणाची गाणी: नवी पेठेतील एक श्रवणसत्र

नवी पेठेतील जुन्या रेकॉर्डच्या एका दुकानाच्या माडीवर रविवारी सकाळी अधूनमधून श्रवणसत्र भरते. या वेळचा विषय होता अमेरिकी लोकप्रिय संगीतकारांनी ख्रिस्ती उज्जीवन सभांच्या, म्हणजे श्रद्धा नव्याने जागवण्यासाठी भरणाऱ्या सामूहिक प्रार्थनासभांच्या, गायनातून केलेली उचल. विषय दूरचा वाटला, तरी पंढरीच्या वाटेवर बुवांची ओळ टाळकऱ्यांनी झेलताना ज्याने ऐकली आहे, त्याला या गाण्यांचा गाभा लगेच उमगतो.

आधी मूळ रचना आणि लगोलग तिच्यावरून बेतलेले गाणे, ही मांडणी मला फार आवडली. सदर्न टोन्स या भक्तिगायक वृंदाचे ‘इट मस्ट बी जीझस’ संपताच अमेरिकी गायक रे चार्ल्स यांचे ‘आय गॉट अ वूमन’ लावले गेले. १९५४ मधील या दोन गाण्यांत वळण तेच, आर्तताही तीच. मात्र येशूच्या जागी प्रेयसी आली आहे. चार्ल्स यांच्याच १९५९ च्या ‘व्हॉट्ड आय से’मध्ये तर शब्द जवळजवळ गळून पडतात आणि गायकाचा हुंकार व साथीदार गायिकांचे प्रत्युत्तर एवढेच उरते.

संगीतकार हॅरल्ड आर्लेन यांचे वडील अमेरिकेतील बफलो शहरात सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, प्रार्थनागायक होते. मुलाने मात्र १९३० च्या ‘गेट हॅपी’त न्यायाच्या दिवसाची हाक चालीत बांधली. पुढे १९४४ मध्ये आर्लेन यांच्या चालीवर गीतकार जॉनी मर्सर यांनी थेट उपदेशकाचा आव आणून बायबलमधील योना आणि नोहा यांचे दाखले दिले. ही गाणी सुरेख आहेत, पण माझ्या मते त्यांत सभेचे शब्द आले, सभा आली नाही. चार्ल्स यांनी सवाल-जवाबाची ती रचनाच उचलली, म्हणून त्यांचे गाणे अधिक खोल जाते.

दोन उणिवा सांगणे आवश्यक आहे. स्पीकरचा खर्ज इतका वाढवला होता की टाळ्यांचा ठेका दबला, आणि या संगीताचा प्राण त्या ठेक्यातच असतो. दुसरी उणीव अधिक सलते: वाटलेल्या टिपणात प्रसिद्ध गायकांची नावे ठळक होती, पण सदर्न टोन्सचा उल्लेखसुद्धा नव्हता. ज्यांच्याकडून घेतले, त्यांचे नाव छापलेच पाहिजे. मी तसे मालकांना सांगितले, तेव्हा त्यांनी पुढच्या टिपणात दुरुस्ती करण्याचे मान्य केले.

माडीचा जिना अरुंद असल्याने ज्येष्ठांनी सोबत कोणाला तरी न्यावे. जागा मोजक्याच असतात, त्यामुळे दुकानात आधी नाव नोंदवलेले बरे.