ई३० गाडीत ई३६, ई४६ आणि झेड३चा स्टिअरिंग रॅक: काय बसतं, काय अडतं

बीएमडब्ल्यूच्या जुन्या ३-सीरिज ई३०चा मूळ रॅक (स्टिअरिंग फिरवलं की आडवा सरकून पुढची चाकं वळवणारा भाग) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंगचे सुमारे ४ फेरे घेतो; फेरे जितके कमी, तितकी गाडी पटकन वळते. त्यानंतरच्या ३-सीरिज ई३६ आणि ई४६चे रॅक साधारण ३ ते साडेतीन फेऱ्यांत काम उरकतात, झेड३ १.९ या दोन सीटच्या रोडस्टरचा तर २.७ मध्येच. रोज वापरायच्या गाडीला ई४६चा रॅक घ्यावा. झेड३चा रॅक घाटात मजा आणतो, पण सरळ हायवेवर स्टिअरिंग जरा हललं तरी गाडी लेन सोडू बघते. पार्किंगमध्ये तो जडही जातो, त्यामुळे पॉवर स्टिअरिंगचा पंप कमजोर असेल तर या वाटेला जाऊच नये.

रॅक सबफ्रेमवर (इंजिनखालच्या आडव्या सांगाड्यावर) बसवणं सोपं आहे. नव्या रॅकचे कान (बोल्ट जातो ते भाग) मूळ रॅकपेक्षा पातळ असल्याने फट राहते, तिथे धातूचे स्पेसर घालायचे. दोन्ही बाजूंची जाडी तंतोतंत सारखी हवी. रॅक एका बाजूला उचलला गेला की टाय रॉडचे (रॅक आणि चाक जोडणाऱ्या दांड्यांचे) कोन बदलतात आणि खड्ड्यात एकच चाक आपोआप वळतं. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले) जुने वापरू नयेत.

खरी परीक्षा स्टिअरिंग शाफ्टची, म्हणजे स्टिअरिंगपासून रॅकपर्यंत येणाऱ्या दांड्याची. शाफ्टच्या टोकाचा कपलर पिनियनच्या (रॅक सरकवणाऱ्या छोट्या गिअरच्या) स्प्लाइनवर, म्हणजे उभ्या दात्यांवर, पूर्ण खाली उतरला पाहिजे, कारण त्याचा बोल्ट पिनियनवरच्या खाचेतून आडवा जातो. कपलर ४-५ मिमी वर राहिला तर बोल्ट खाचेत न बसता नुसता दाबून धरतो. हाताला घट्ट लागतं, पण एखाद्या धक्क्याने शाफ्ट सुटू शकतो. म्हणून बोल्ट घालण्याआधी टॉर्च लावून भोकातून खाच दिसते का ते बघा. लांबी जुळत नसेल तर मधला रबरी डिस्क कपलर काढून तयार शाफ्ट घ्यावा. वेल्डिंगने जोडलेला शाफ्ट आम्ही तरी नापासच करू.

रॅक एंडचे (टाय रॉडच्या आतल्या भागाचे) आटे रॅकप्रमाणे आणि बाहेरच्या टाय रॉड एंडचा टेपर (पिनचा निमुळतेपणा) नकलप्रमाणे, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाप्रमाणे, लागतो. दोघांमधले आटे जुळतात का, हे व्हर्नियर आणि थ्रेड गेजने आधीच तपासा. टेपर चुकला तरी नट कसला जातो, पण आतला पिन हलतच राहतो. काही रॅकमध्ये रॅक एंडच्या मुळाशी मर्यादा घालणारी रिंग असते. ती काढली की चाक जास्त वळतं, मात्र टायर लायनरला (चाकावरच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणाला) घासतो का तेही बघावं लागतं.

जुना रॅक घेताना त्याच्या टोकांचे रबरी बूट दाबून पाहा. आत तेल खळखळलं तर सील गेलं समजा. मग पिनियन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. रॅकची झीज बहुतेक मध्यावरच होते, आणि मधला प्ले (ढिलेपणा) घालवायला विक्रेत्याने रॅकचा अ‍ॅडजस्टर स्क्रू आवळला असेल तर टोकांकडे रॅक जड होतो. असा रॅक घेऊ नये, कारण वळणानंतर स्टिअरिंग परत सरळ यायलाच मागत नाही.

रॅकच्या तेलाच्या पाइपांचे बँजो (पोकळ) बोल्ट दोन, वॉशर चार, सगळे नवे. तेल ठरवताना रॅक कुठल्या गाडीचा हे न पाहता पंपाच्या टाकीचं झाकण वाचा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि सीएचएफ (हायड्रॉलिक तेल) ही दोन वेगळी तेलं मिसळू नका. तेल भरल्यावर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग सावकाश दोन्ही टोकांना फिरवावं. बुडबुडे थांबले की मगच इंजिन सुरू करायचं.

एअरबॅग असलेल्या गाडीत शाफ्ट सुटा असताना स्टिअरिंग बांधून ठेवा, नाहीतर आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगची गुंडाळलेली वायर) तुटते. शाफ्ट जोडण्याआधी रॅक फेरे मोजून मध्यावर आणा: ३ फेऱ्यांचा असेल तर टोकापासून दीड. त्यानंतरही स्टिअरिंग तिरकं राहिलं तर ते स्प्लाइनवर सरकवून सरळ करायचं. अलाइनमेंटवाले बहुतेक वेळा टाय रॉड कमी-जास्त करून ते सरळ करून देतात. मग एका बाजूला गाडी जास्त वळते आणि दुसरीकडे कमी.