ओकॅमल: रेफ वापरूनही पॉलिमॉर्फिझम टिकवणारी भाषा

टाइप न लिहिता पक्कं टाइप चेकिंग आणि वर रेफ (ज्यातली किंमत नंतर बदलता येते अशी पेटी), ॲरे, लूप वापरायची मोकळीक, हे दोन्ही पाहिजे असेल तर ओकॅमल ही प्रोग्रामिंग भाषा घ्याच. फ्रान्सच्या इन्रिया या संगणक संशोधन संस्थेमधून आलेली भाषा, ओपन सोर्स, फुकट.

मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते व्हॅल्यू रिस्ट्रिक्शन, म्हणजे काय पॉलिमॉर्फिक (कुठल्याही टाइपसोबत चालणारं) मानायचं यावरची अट, आणि नवीन लोक वैतागतात तेही नेमकं यावरच. टॉपलेव्हलवर (थेट कोड टाकून बघतो तिथे) 'लेट आर = रेफ []' टाका, आपल्याला वाटतं रिकामी लिस्ट आहे, कुठलाही टाइप चालेल, पण कंपायलर 'वीक१' दाखवतो, म्हणजे टाइप एकच असणार, फक्त अजून ठरायचाय. एकदा आत [१] ठेवलं की झालं, ती इंटची लिस्ट, मग स्ट्रिंग ठेवायला गेलात की एरर. ही अट नसती तर इंट ठेवून तोच स्ट्रिंग म्हणून बाहेर काढता आला असता आणि प्रोग्राम चालता चालता कोसळला असता.

आधीचे उपाय बघितले की याची किंमत कळते. ओकॅमलच्या नात्यातल्या स्टँडर्ड एमएल भाषेच्या १९९० च्या आवृत्तीत संशोधक मॅड्स टोफ्टेचे इम्परेटिव्ह टाइप व्हेरिएबल (रेफशी संबंध येणाऱ्या टाइपवरची वेगळी खूण) होते, त्यामुळे फंक्शनच्या आत रेफ वापरलाय हे बाहेर टाइपमध्येच दिसायचं. साधं सॉर्टिंग ॲरेने केलं म्हणून मॉड्यूलची सिग्नेचर (बाहेर दिसणारी टाइपची यादी) का बदलायची? १९९५ मध्ये संशोधक अँड्र्यू राइटने मांडलं की उजव्या बाजूला व्हॅल्यू (आधीच तयार गोष्ट, फंक्शन चालवून मिळणारी नव्हे) असेल तरच टाइप जनरलाइझ करा, म्हणजे कुठल्याही टाइपला खुला ठेवा, आणि खऱ्या मोठ्या प्रोग्रामांवर तपासून दाखवलं की फारसं काही बदलावं लागत नाही. १९९७ च्या स्टँडर्ड एमएलने तेच घेतलं. ओकॅमलने पुढे संशोधक जाक गारीगची सुधारणा घेऊन नियम थोडा सैल केला, कोव्हेरियंट जागेवरचे (जिथून किंमत फक्त बाहेर येते, आत टाकता येत नाही) टाइप व्हेरिएबल तरीही जनरलाइझ होतात, फार उपयोगी आहे ते.

त्रास होतो पार्शल ॲप्लिकेशनला, म्हणजे फंक्शनला सगळी आर्ग्युमेंट न देता थोडीच दिली तर. जी पॉलिमॉर्फिक असताना 'लेट एफ = लिस्ट.मॅप जी' लिहिलं, कुठेही रेफ नाही, तरी टाइप वीक, आणि तो एरर मेसेज नवख्याला अजिबात झेपत नाही, इथे एक स्टार कापला. उपाय सोपाय, 'लेट एफ एल = लिस्ट.मॅप जी एल' असं आर्ग्युमेंट उघड लिहा. फक्त एफ बनवताना आत कॅशसाठी (आधीची उत्तरं साठवायला) हॅशटेबल तयार होत असेल तर हे करू नका, दर कॉलला नवीन टेबल बनेल, तिथे सरळ टाइप लिहून एकच ठरवून टाका.