ऑलिव्ह पोमेस तेल: भजी झकास, भाव मात्र झेपेना

सूनबाईंनी मॉलमधून लिटरची बाटली आणली. पुढे हिरव्या फळांचं चित्र, 'ऑलिव्ह' ठळक अक्षरांत आणि 'पोमेस' एवढं बारीक की चष्मा पुसून वाचावं लागलं. "बाबा, हार्टला चांगलं असतंय म्हणून आणलं." लातूरच्या एका सॉल्व्हंट प्लांटच्या लॅबमध्ये माझी नोकरी झाली, म्हणून आधी मागचं लेबल वाचलं. रिफाइंड पोमेस तेल, त्यात थोडं व्हर्जिन ऑलिव्ह, म्हणजे रसायन न वापरता फळातून थेट काढलेलं तेल.

ऑलिव्हचं फळ दळून तेल काढलं की साल, गर आणि बियांचे तुकडे उरतात. हा चोथा म्हणजेच पोमेस. त्यात थोडं तेल अडकून राहतं. चोथा वाळवायचा, हेक्झेन या द्रावकात (सॉल्व्हंटमध्ये) तेल विरघळवून ओढून घ्यायचं, मग रिफाइन करायचं. सोयाबीनचं तेल आपल्याकडे असंच निघतं, तेव्हा हेक्झेनच्या नावाने नाक मुरडायचं कारण नाही. वाळवणीत मात्र काळजी लागते. जुलै 2001 मध्ये स्पेनने पोमेस तेलाची विक्री थांबवली होती, कारण त्यात बेंझोपायरीन हे कर्करोगकारक रसायन सापडलं; चोथा फार तापला, त्यात धूर लागला की ते तयार होतं. आता युरोपात किलोला 2 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे.

कांदाभजीला तेल उत्तम. कढईत फेस नाही, धूर उशिरा, भजी कुरकुरीत आणि हाताला तेलकट लागत नाहीत. तळून उरलेलं तेल गाळलं तरी फारसं काळवंडलं नव्हतं. ते साहजिक आहे, ऑलिव्हमध्ये ओलिक हे स्निग्ध आम्ल जास्त, म्हणून उष्णतेला टिकतं. आपल्या जुन्या करडीत लिनोलिक हे दुसरं स्निग्ध आम्ल जास्त, ती लवकर चिकट होते. धपाटेही छान सुटले तव्यावरून.

पण ठेच्यावर कच्चं घातलं तर काहीच लागेना. ना वास, ना घशाला ती चुरचुर, जी अस्सल एक्स्ट्रा व्हर्जिनला असते. रिफायनरीत सगळं धुऊन गेलेलं. आमच्या हिने एक घास खाऊन सरळ घाण्याच्या करडीची बरणी पुढे ओढली. भाकरीवर ओतायला करडीच हवी, यात वाद नाही. आणि हार्टचं म्हणाल तर ओलिक आम्ल यात आहे, पण एक्स्ट्रा व्हर्जिनचं ज्यासाठी कौतुक होतं ती पॉलिफेनॉल्स, म्हणजे फळातली फिनॉल जातीची द्रव्यं, जवळपास नाहीत.

मला खरी गंमत वाटली ती तेल निघाल्यावर उरणाऱ्या चोथ्याची. सोयाबीनचं तेल काढल्यावर उरणारी डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, कोंबड्यांच्या खाद्याला जाते, करडीची अन् सरकीची पेंड जनावरांपुढे. बी असतं ना ते, प्रथिनं त्यातच राहतात. ऑलिव्हमध्ये तेल गरात असतं, त्यामुळे उरतं ते लाकडासारखं तंतुमय, प्रथिनं कमी. मेंढ्यांना थोडं मिसळून देतात, पण आपल्या पेंडीची सर नाही. म्हणून स्पेनच्या अंदालुसियात ते जाळून वीज करतात. बिया वेगळ्या काढून बॉयलरला, घरं तापवायला. बाकीचं शेणखतात कुजवून बागेत. ओलं तसंच शेतात टाकलं तर त्यातली फिनॉलं उगवण मारतात, म्हणून आधी कुजवावंच लागतं. तीच फिनॉलं वेगळी काढून हायड्रॉक्सीटायरोसोल नावाने गोळ्यांत विकतात! आपल्याकडे शेंगांची टरफलं बॉयलरला जातात, त्यातलाच हा प्रकार.

उरल्यासुरल्यातून तेल काढलं याचा मला राग नाही, उलट कौतुक आहे. राग भावाचा. सोयाबीन तेलाच्या चौपट पैसे मोजले आणि चित्र दाखवलं ताज्या फळांचं. तळणाला पाचपैकी चार, कच्चं खायला एक. मॉलवाल्याने ही बाटली एक्स्ट्रा व्हर्जिनच्या शेजारीच मांडली होती, तेव्हा उचलण्याआधी मागचं लेबल वाचा. आमच्याकडची उरलेली बाटली शंकरपाळ्यांत संपेल, पुढची आणायची नाही असं सूनबाईंनीच ठरवलंय.