‘अमेरिकेचा पीस आहे साहेब, अनलॉक्ड!’

ठाणे स्टेशनजवळच्या गाळ्यांमधून सेकंडहॅण्ड आयफोन घेणार असाल, तर पैसे काढण्याआधी सिमचा ट्रे स्वतः बाहेर काढा. मी तिथूनच आयफोन १३ घेतला, ३१,००० रुपयांना. "अमेरिकेचा पीस आहे साहेब, अनलॉक्ड. कुठलंही सिम चालतं," असं म्हणत दुकानदाराने माझं सिम आमच्याकडे पाठ करून घातलं. नेटवर्क आलं, घरी फोन लागला, इंटरनेटही धावलं. मग शंका कशाला येईल?

पुढे आयओएसचं अपडेट टाकलं आणि स्क्रीनवर आलं, ‘सिम नॉट सपोर्टेड’. ट्रे काढला तर सिमला कागदाइतकी पातळ चिप चिकटवलेली!

फोन अमेरिकेतल्या मोबाइल कंपनीला लॉक होता. तिथे हप्त्यांवर दिलेले फोन असे बांधून ठेवतात आणि ते लॉक फक्त तीच कंपनी काढू शकते. ही चिप फोनला चकवते, सिम त्याच कंपनीचं असल्याचं भासवते. अपडेटने ती पळवाट बुजली की उरतो वायफायवर चालणारा महागडा डबा.

दुकानात गेलो तर म्हणे, "नवीन चिप टाकून देतो, आठशे द्या." म्हणजे विकताना सगळं ठाऊक होतं! पैसे परत मागितले, तेव्हा पावती दाखवा म्हणाला. पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान, ‘आयफोन, चालू स्थितीत’ एवढंच. आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक नाही, जीएसटी नंबर नाही.

खरं तर सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट, तिथे ‘कॅरिअर लॉक’ असतं. त्यापुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ नसेल तर तिथूनच मागे फिरा. संचार साथी या सरकारी पोर्टलवर मी आयएमईआय आधीच तपासला होता आणि तो स्वच्छ निघाला. पण तिथे फोन चोरीचा म्हणून बंद केलाय का, हे कळतं. परदेशी लॉकचा पत्ता लागत नाही. अमेरिकेतल्या आयफोन १४ पासून तर ट्रेच नसतो, ईसिमच, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच सुरू होणारं सिम, करावं लागतं. तो फोन घेताना आपल्या कंपनीचं ईसिम दुकानातच सुरू करून बघा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. दुकानदाराचं आता म्हणणं असं, की लॉकचं त्याने मला आधीच सांगितलं होतं.