हलक्या पायाला गुरगुरणारी एसयूव्ही: माउंटिंग, सायलेन्सर, शाफ्ट की फ्लायव्हील?

उभ्या गाडीत रेस केली तर काही नाही. पाय पूर्ण दाबून पळवली तरी काही नाही. पण चौथ्या गिअरमध्ये पन्नास-साठच्या वेगाला हलका पाय दिला, की खालून गुरगुर सुरू होते, गिअरच्या दांड्यातून तळहाताला मुंग्या येतात आणि मागच्या सीटवरून कोणीतरी विचारतं, "काय वाजतंय हो?"

एवढं वर्णन घेऊन मी साताऱ्यात तीन गॅरेजांत फिरलो आणि तीन निदानं घेऊन घरी आलो. पहिला म्हणाला, "दादा, माउंटिंग बसलंय." (माउंटिंग म्हणजे इंजिन ज्यावर टेकलेलं असतं ते रबर.) दुसऱ्यानं प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याचा, क्रॉस (त्याचा सांधा) सांगितला. तिसऱ्यानं गाडी पुरती थांबायच्या आत क्लचप्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनामागचं जड चाक) असं जाहीर केलं. तिघांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक, आणि खाली वाकून कोणीच पाहिलं नव्हतं. तुम्हीही अशा तीन उत्तरांत अडकला असाल, तर पैसे आधी कुठे घालायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, ते सांगतो. माझी गाडी दहा वर्षं जुनी, डिझेल, मॅन्युअल आणि मागच्या चाकांवर चालणारी आहे. बाकीच्यांचं ओघात येईलच.

आधी एक शंका फेडून घ्या. पाचव्या गिअरमध्ये ११००-१२०० आरपीएमवर चढाला पाय दिला, तर चार सिलिंडरचं कुठलंही डिझेल इंजिन कण्हणारच. खंबाटकी घाट चढताना गिअर बदलायचा कंटाळा करणाऱ्यांच्या गाड्या अशाच कण्हतात. गुरगुर फक्त त्याच पट्ट्यात असेल, तर एक गिअर उतरवा आणि गॅरेजचा विचार सोडा.

आवाज कोणाच्या मागे धावतो?

चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेरे, म्हणजे ५० स्फोट. शेतातल्या डीपीखाली (ट्रान्सफॉर्मरखाली) उभं राहिल्यावर जी घूं ऐकू येते ती १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांची असते. ही गुरगुर तिच्याहून बरोबर एक सप्तक खाली. चाकाचा हिशेब वेगळा. २३५/६५ आर १७ मापाचं टायर ६० च्या वेगाला सेकंदाला साधारण सातच फेरे मारतं. सात हर्ट्झ कानाला ऐकूच येत नाहीत, ते सीटला आणि स्टिअरिंगला जाणवतात. म्हणजे 'गुरगुर' म्हणून जे ऐकू येतंय त्यात चाकाच्या बॅलन्सिंगचा हात नसतो. तरी बॅलन्सिंग करून घ्या असा सल्ला सगळ्यात आधी मिळतो, कारण ते स्वस्त असतं आणि मशीन समोरच असतं.

खरा गोंधळ शाफ्ट घालतो. मागची क्राउन-पिनियन (शाफ्टचा फेरा चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी) साधारण चारास एक धरली, तर ६० च्या वेगाला शाफ्ट सेकंदाला २९ फेरे फिरतो. खराब क्रॉस एका फेऱ्यात दोनदा झटका देतो, म्हणजे ५८ झटके. पाच गिअरच्या अशा गाड्यांत चौथा गिअर बहुधा डायरेक्ट असतो; त्यात इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. इंजिनाचे स्फोटही तेवढेच, ५८. दोन्ही आवाज एकाच पट्टीत! चौथ्यात गाडी चालवून "हा क्रॉसच" किंवा "हे इंजिनच" असं नुसत्या कानानं सांगणारा माणूस अंदाज ठोकत असतो, मग त्याचा अनुभव तीस वर्षांचा का असेना.

म्हणून गिअर बदलून पाहायचं. सरळ, मोकळा रस्ता घ्या आणि शेजारी एक कान द्यायला माणूस बसवा. ६० चा वेग चौथ्यात धरा, मग तोच वेग तिसऱ्यात. आवाजाची पट्टी बदलली किंवा आवाज गायब झाला, तर तो इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे. तसाच राहिला, तर शाफ्ट, एक्सल किंवा बेअरिंग. मग त्याच वेगाला क्लच दाबून पाय काढा. तरीही चालूच राहिला, तर इंजिनाचा संशय जवळजवळ सुटला. वळणावर कमी-जास्त होत असेल तर चाकाच्या हब बेअरिंगकडे पाहा. डावीकडे वळताना वाढला तर बहुधा उजवं, कारण भार तिकडे जातो. हे सगळं सपाटीवर करा. घाटाच्या उतारावर न्यूट्रलचे प्रयोग नकोत.

माउंटिंग आणि सायलेन्सर, म्हणजे माझी चूक

आवाज इंजिनाच्या फेऱ्यांच्या मागे धावला, तर दोन संशयित उरतात आणि गॅरेजवाला दोनातलं महाग ते आधी सांगतो. मुद्दाम असं नव्हे. माउंटिंग बोनेट उघडल्यावर उभ्या उभ्या दिसतं, सायलेन्सरसाठी खाली झोपावं लागतं.

खराब माउंटिंगची ओळख बहुतेक वेळा आयडलिंगलाच (गाडी उभी, पाय न देता इंजिन चालू) पटते. सिग्नलला उभं असताना एसी लावला की डॅशबोर्ड थरथरतो आणि थोडी रेस दिली की शांत होतो. हायड्रॉलिक (आत द्रव भरलेलं) माउंटिंग असेल तर फुटल्यावर खाली काळा, तेलकट ओघळ दिसतो. हँडब्रेक आणि फूटब्रेक घट्ट लावून, गाडीसमोर कोणी नाही हे पाहून, पहिल्या गिअरमध्ये क्लच पकडेपर्यंत हळूच सोडा आणि बाजूनं कोणाला तरी इंजिनाकडे बघायला सांगा. इंजिन थोडं कलतं ते ठीक. उडी मारल्यासारखं उठलं तर माउंटिंग गेलंय.

माझ्या गाडीत यातलं एकही लक्षण नव्हतं. तरी तिन्ही माउंटिंग बदलली, तीही बाजारातला स्वस्त सेट घेऊन. नव्याचं रबर इतकं कडक, की आयडलिंगला कधी नव्हती ती थरथर सुरू झाली. गुरगुर मात्र होती तिथेच. मजुरीसकट साडेनऊ हजार.

नंतर एका वयस्क मिस्त्रींनी गाडी रात्रभर थंड होऊ दिली, सकाळी हातदिवा घेऊन खाली शिरले आणि सायलेन्सरचा पाइप हातानं चारी बाजूंना हलवला. टक्. मला खाली बोलावलं. "हे बघा, साहेब." सगळा पाइप गंजानं तांबूस, आणि चॅसीच्या आडव्या पट्टीजवळ रुपयाच्या नाण्याएवढा एकच डाग आरशासारखा चकचकीत. पाइप टांगायचं रबर ताणून फाटलं होतं, पाइप खाली-पुढे सरकला होता. हलक्या पायाला इंजिन काही मिलिमीटर कलायचं आणि पाइप पट्टीला नेमका टेकायचा. सगळी थरथर चॅसीत. पाय जोरात दिला की इंजिन आणखी कलून पाइप सुटायचा, म्हणून आवाज बंद. रबर अडीचशे रुपयांचं.

तेव्हा या दोघांत माझं मत ठाम आहे: आधी सायलेन्सर हलवून बघा. फुकट आहे आणि पाच मिनिटांचं काम आहे. उष्णता अडवणारा पत्रा सैल आहे का, फ्लेक्सिबल पाइपची जाळी फाटली आहे का, कुठे चकाकी आहे का, हे पाहा. फक्त एक ध्यानात ठेवा. रबर बदलूनही पाइप पुन्हा टेकत असेल, तर इंजिन खरोखरच खाली बसलेलं असू शकतं. तिथे माउंटिंगचा दोष सायलेन्सरच्या तोंडून बोलत असतो. मग माउंटिंग बदला, पण कंपनीचंच घ्या आणि जे गेलंय तेवढंच आधी बदला. बोल्ट शेवटचे आवळण्याआधी इंजिन हलवून नीट बसवून घ्यायला सांगा. ताणलेल्या अवस्थेत आवळलेलं नवं रबरही गुरगुरतं.

बाकीचे संशयित

शाफ्टचं निदान सोपं आहे. गाडीच्या चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून अडसर) लावा, शाफ्ट हातानं पिळा. क्रॉसला खेळ असेल तर कळतो, सुकलेला असेल तर कपभोवती गंजाची तांबडी पूड दिसते. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर तो मध्ये धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर बघायला विसरू नका. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही जागा आतल्या सीव्ही जॉइंटची (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्याची): पाय दिला की थरथर, सोडला की गुल. रबरी बूट फाटून ग्रीस उडालं असेल तर फार शोधावं लागत नाही.

ऑटोमॅटिकवाल्यांची तऱ्हा निराळी. पन्नास ते ऐंशीच्या दरम्यान हलक्या पायाला रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो भाग) लॉकअप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, तपासा. पाय तसाच ठेवून दुसऱ्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करा; लॉकअप सुटतो आणि थरथर तत्क्षणी थांबते. अशा वेळी गिअरबॉक्स उघडायच्या आधी योग्य ग्रेडचं ऑइल बदलून पाहावं.

फ्लायव्हीलचा क्रमांक माझ्या यादीत शेवटी. ड्युअल मास (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं) फ्लायव्हील जाताना आयडलिंगला खडखडाट करतं, इंजिन बंद करताना धक्का देतं आणि क्लच दाबल्यावर आवाज बदलतो. यातलं काहीच नसताना गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. उतरवायची मजुरीच जिव्हारी लागते.

सर्व्हिस सेंटर की ओळखीचं गॅरेज? इंजिन अडखळत असेल, चेक इंजिनचा दिवा लागत असेल तर सर्व्हिस सेंटर, कारण नोझलचे (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचे) करेक्शन आकडे त्यांच्या स्कॅनरवर नीट दिसतात. नुसती गुरगुर असेल तर लिफ्ट असलेलं गॅरेज पुरे. मात्र मिस्त्रीला शेजारी बसवून फेरी मारल्याशिवाय चावी देऊ नका, आणि "गाडी वाजते" असं सांगू नका. "चौथा गिअर, १६०० आरपीएम, हलका पाय, क्लच दाबला की बंद" असं सांगा.

थांबायचं की नाही, हेही बघा. क्रॉसला खेळ असेल किंवा चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर पुण्याची फेरी रद्द करा. एक्झॉस्ट पुढच्या बाजूला फुटला असेल आणि धुराचा वास आत येत असेल, तरीही. घासणारा पाइप आणि बसलेलं माउंटिंग महिना-पंधरा दिवस थांबू शकतं. माझी जुनी तिन्ही माउंटिंग मी डिकीत ठेवली होती. त्यातली दोन गेल्या दिवाळीत परत बसवली आणि सिग्नलला डॅशबोर्ड पुन्हा गप्प झाला.