२०० मिलिग्रॅमची कॅफीनची गोळी : माझ्यासाठी अर्धीच पुरेशी

न्यायालयीन कागदपत्रांचे भाषांतर हा माझा व्यवसाय आहे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी, कूलरच्या घरघरीत, कलमांचे क्रमांक आणि तारखा न चुकता उतरवणे किती कठीण जाते, हे असे काम करणाऱ्यांना ठाऊक असेल. त्यासाठी मी सिव्हिल लाइन्समधील टपरीवर दिवसाकाठी सहा-सात चहा घेत असे; परंतु चहात कॅफीन किती उतरते हे पत्ती किती घातली आणि ती किती वेळ उकळली यावर अवलंबून असल्याने आपण नेमके किती घेतले याचा अंदाज कधीच येत नसे. म्हणून ६० गोळ्यांची एक बाटली ऑनलाइन मागवली आणि महिनाभर वापरली.

या गोळीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिचे नेमके माप. प्रत्येक गोळीत २०० मिलिग्रॅम कॅफीन असल्याचे ठळक छापले आहे आणि मधोमध खाच असल्यामुळे ती बोटांनी सहज दुभंगते. (अर्धी गोळी लगेच पाण्याबरोबर गिळावी, कॅफीन अतिशय कडू असते.) सकाळी साडेनऊला न्याहारीनंतर अर्धी घेतली की पाऊण तासात फरक जाणवतो, नजर ओळीवरून घसरत नाही आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचावा लागत नाही. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन हे रसायन साचत जाते व झोपेची गुंगी आणते. कॅफीन त्याच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवर ते जिथे चिकटते तिथे, आधीच जागा अडवून बसते. थकवा त्यामुळे काही काळ झाकला जातो एवढेच. लांबलचक वाक्याचा अन्वय लावायला मला या गोळीची मदत झाली नाही. उलट पूर्ण गोळी घेतली त्या दिवशी हात थरथरले, कामाचा वेग वाढला आणि तपासताना एका आदेशातील ‘वगळून’ हा शब्दच सुटलेला सापडला. आमच्या कामात याहून गंभीर चूक क्वचितच असेल.

लेबलाबद्दल माझी तीव्र तक्रार आहे. एका वेळी दोन गोळ्या घेता येतील, असे त्यावर लिहिले आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मते निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित आहे, तर गर्भवतींसाठी दिवसाची मर्यादाच २०० आहे. म्हणजे हा सल्ला पाळणारा माणूस दिवसभराची मर्यादा एका घोटात गाठतो. संध्याकाळी घेऊ नये, अशी सूचनाही कुठे नाही. शरीरातील कॅफीन निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात, त्यामुळे सहाला घेतलेल्या गोळीतील सुमारे १०० मिलिग्रॅम रात्री अकरालाही शिल्लक असते. मी एकदा हा अनुभव घेतला आणि पहाटे तीनपर्यंत कूस बदलत राहिलो. रोजची सवय झाल्यावर रविवारी गोळी टाळली, तर दुपारपर्यंत डोके ठणकू लागले. आता मी ती हळूहळू कमी करूनच सोडतो.

रात्री अभ्यासिकेत बसणाऱ्या माझ्या भाच्याने उरलेल्या गोळ्या मागितल्या, तेव्हा मी त्याला नकार दिला, कारण त्याला त्या झोप टाळण्यासाठीच हव्या होत्या. माझ्या सकाळच्या कामासाठी मात्र मी दुसरी बाटली मागवली आहे.