एएफपीची रक्ततपासणी की अ‍ॅनोमली स्कॅन?

बाळाच्या मेंदूत किंवा मणक्यात काही उघडं राहिलंय का, हे आईच्या रक्तातल्या एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन) या प्रथिनावरून ताडता येतं, नाहीतर अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये, म्हणजे बाळातले दोष शोधणाऱ्या सोनोग्राफीत, बघता येतं. पहिल्या खेपेला आम्ही रक्तावर भिस्त ठेवली, दुसऱ्या खेपेला स्कॅनवर. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे एका बापाचं मत समजा.

एएफपीमागचा विचार मला आजही आवडतो. हे प्रथिन बाळाच्या यकृतात तयार होतं. पाठीवर किंवा डोक्यावर त्वचेचं झाकण नसेल तर ते जास्त प्रमाणात गर्भजलात झिरपतं आणि तिथून आईच्या रक्तात येतं. १६ ते १८ आठवड्यांत एकदा रक्त दिलं की झालं. क्वाड्रुपल मार्कर (चार घटकांची एकत्र रक्ततपासणी) सांगितली असेल तर एएफपी त्यातच असतं.

आमचं घोडं अडलं ते तारखेपाशी. रिपोर्टवर प्रथिनाचा नुसता आकडा नसतो, त्या आठवड्याच्या मध्यकाच्या, म्हणजे तेवढेच आठवडे झालेल्या बायकांच्या मधल्या आकड्याच्या, तो किती पट आहे हे असतं. बहुतेक ठिकाणी अडीच पटींच्या वर गेलं की धोक्याची खूण. आमचे आले २.६. पुढचं स्कॅन कधी, तर ‘आत्ता १६ आठवडेच झालेत, अजून तीन आठवडे थांबा.’ त्या दिवसांत घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. नवव्या दिवशी न राहवून दुसरीकडे गेलो. तिथल्या बाईंनी आधी बाळाचं डोकं आणि मांडीचं हाड मोजलं आणि विचारलं, “शेवटची पाळी नक्की पाळीच होती का?” नव्हती. सुरुवातीच्या दिवसांतल्या रक्तस्रावालाच आम्ही पाळी धरलं होतं. रक्त दिलं तेव्हाच २० आठवडे होत आले होते. या काळात एएफपी दर आठवड्याला चढतच असतं, म्हणून १६व्या आठवड्याच्या मापाने ते भलतंच वाढलेलं दिसलं. जुळं असलं तरी आकडा चढतो. आईचं वजन, मधुमेह यांचाही हिशेब धरावा लागतो. आकडा वर आलेल्या बहुतेक बायकांची बाळं ठणठणीत निघतात, हे आम्हाला त्या नऊ दिवसांत कुणी सांगितलं नाही.

मग बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. कवटी लांबट गोल, कपाळाकडून दबलेली नाही. दबली तर ती लिंबासारखी दिसते. मागचा छोटा मेंदू डमरूसारखा; पाठ उघडी असेल तर तो खाली ओढला जाऊन केळ्यासारखा वाकतो. लिंबू-केळ्याच्या या खुणा १९८६ साली नोंदल्या गेल्या आणि काम सोपं झालं, कारण मणका शोधत बसण्याआधी डोकंच चुगली करतं. लिंबू मात्र २४ आठवड्यांनंतर बहुधा पुसट होतं, म्हणून स्कॅन १८ ते २२ आठवड्यांतच करून घ्यावं. शेवटी मणका पाहिला. मण्यांच्या दोन समांतर ओळी, शेपटाकडे जुळत गेलेल्या.

दोष सापडलाच, तर तो कुठे आणि किती वर आहे हेही स्कॅनच सांगतं. काही केंद्रांत २६ आठवड्यांच्या आत गर्भातच शस्त्रक्रिया होते; तिचा विचार करायचा तर हे कळायलाच हवं. रक्ताचा आकडा तिथे मुका असतो.

अर्थात स्कॅन करणारा हात आणि मशीन दोन्ही चांगलं हवं. आईचं पोट जाड असेल तर चित्र धूसर येतं. त्वचेखाली झाकलेला छोटा दोष स्कॅनमध्येही निसटू शकतो, एएफपीला तर तो सहसा कळतच नाही. अनुभवी सोनोलॉजिस्ट हाताशी नसेल, तर रक्ततपासणी सोडा असं मी म्हणणार नाही. आधीच्या बाळात असा दोष असेल किंवा आई फिट्सच्या गोळ्या घेत असेल, तर डॉक्टर म्हणतील ते सगळं करावं.

दुसऱ्या खेपेला १२व्या आठवड्यात स्कॅन करून तारीख पक्की केली. कवटीच बनली नसेल तर तेही तेव्हाच दिसतं. मग डॉक्टरांशी बोलून एएफपी वगळलं आणि २०व्या आठवड्यात अ‍ॅनोमली स्कॅन केलं. बाळ पाठ गर्भाशयाच्या भिंतीला टेकवून झोपलेलं, मणक्यावरची त्वचा दिसेना. बाईंनी हिला वीस मिनिटं फेऱ्या मारून यायला सांगितलं. परत आलो तर पठ्ठ्याने कूस बदललेली होती.